छपरावर चढणारी वीज

घर पाठीवर घेऊन हिंडणे हे आपल्याकडे फारसे भाग्याचे लक्षण मानले जात नाही. बदलीच्या नोकरीतला कारकून, फडाबरोबर गावोगाव जाणारा तमासगीर, मेंढरांमागे वर्षाचे आठ महिने चालणारा धनगर, यांच्या संसाराला आपण विंचवाचे बिऱ्हाड म्हणतो आणि म्हणताना आवाजात थोडी कीव असते. अमेरिकेत मात्र असे बिऱ्हाड लोक हौसेने थाटतात. पुष्कळदा तर निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी त्यात ओततात. मोटारीच्या मागे ओढायचे किंवा स्वतःच मोटार असलेले हे चाकांवरचे घर. त्यात पलंग असतो, चूल असते, न्हाणीघर असते. आरव्ही हे त्याचे तिकडचे लाडके नाव. तिकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही आईवडील भेटीला आले, की असली गाडी भाड्याने घेऊन त्यांना यलोस्टोन दाखवायला निघतात.

या घराच्या छपरावर टेलिव्हिजनची अँटेना असते आणि त्या अँटेनेला वीज लागते. येथे कोणीही जाणता वाचक थबकेल. वीज टेलिव्हिजनला लागते हे खरे. पण अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमच्या चार काड्या. तिला कसली वीज? आणि ती वर नेतात कशी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू लागले, की आपण ॲस्टोरिया नावाच्या गावातल्या एका नवराबायकोच्या हट्टापर्यंत, अटलांटिकच्या तळापर्यंत आणि पुन्हा आपल्या दिवाणखान्यातल्या जुन्या काळ्या फोनपर्यंत जाऊन पोहोचतो.

आधी गाडीतल्या विजेचे पाहू. वॉली बायम या गृहस्थाने १९३६ साली 'एअरस्ट्रीम क्लिपर' नावाचे चकचकीत ॲल्युमिनियमचे फिरते घर बाजारात आणले. त्यात विजेचे दिवे होते, आणि त्या काळी हीच मोठी चैन वाटे. पुढे १९५९ साली याच बायमने आपल्या गिऱ्हाइकांचा तांडा केपटाउनहून कैरोला नेला. पण मोटारीतली वीज म्हणजे शेवटी शिशाच्या बॅटरीतली वीज, आणि ती मोजून मापून खर्च करण्याची. फ्रान्समधल्या गास्ताँ प्लांते याने १८५९ साली शोधलेली ही बॅटरी. मोटारीचे यंत्र सुरू करून देणे, हे तिचे मुख्य काम. त्यापलीकडचा कोणताही खर्च तिला उधळपट्टीसारखाच.

रेडिओवाल्यांना ही अडचण प्रथम जाणवली. पॉल गॅल्विन याने १९३० साली आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी घेऊन तो अटलांटिक सिटीच्या व्यापारी मेळाव्याला गेला. त्याने त्या रेडिओला दिलेले 'मोटोरोला' हे नाव पुढे जगभर झाले. पण त्या काळच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांना शंभर-दोनशे व्होल्टचा दाब लागे आणि मोटारीची बॅटरी देई अवघे सहा. मग 'व्हायब्रेटर' नावाची एक डबी निघाली. तिच्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभरएक वेळा थरथरे, बॅटरीचा सरळ प्रवाह तोडून जोडून त्याचे हेलकावे करी, आणि मग ट्रान्सफॉर्मरमधून त्यांचा दाब वाढवून घेता येई. डबीची गुणगुण गाण्याच्या पाठीमागे सतत ऐकू यायची. लोक तीही आनंदाने सोसत.

टेलिव्हिजनची भूक याहून पुष्कळ मोठी. नळ्यांचा टेलिव्हिजन सहज दोनशे वॅट वीज खाई. बारा व्होल्टच्या बॅटरीतून एवढी वीज काढायची, तर सोळा-सतरा अँपियरचा प्रवाह आला. साठ-सत्तर अँपियर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी होईपर्यंतच वापरावी हे शहाणपण पाळले, तर दोन तासांत कार्यक्रम आटोपला. न पाळले, तर सकाळी गाडी सुरू व्हायची नाही आणि रानात अडकून पडण्याची पाळी. जनरेटर लावावा, तर त्याची घरघर शेजारच्या तंबूला नकोशी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत आजही तो चालवण्याचे तास ठरवून दिलेले असतात. सुटका केली ती ट्रान्झिस्टरने. बेल प्रयोगशाळेत १९४७च्या डिसेंबरात जन्मलेला हा कण वयाच्या तेराव्या वर्षी टेलिव्हिजनला उचलून बॅटरीवर घेऊन आला. सोनी कंपनीचा आठ इंची पडद्याचा संच १९६० साली जपानात विक्रीस आला आणि १९६२ मध्ये पाच इंचीही निघाला. संच आता बॅटरीवर चालू लागले. चित्र मात्र अजून आकाशातूनच उतरवून घ्यावयाचे होते, आणि खरी कहाणी येथूनच सुरू होते.

टेलिव्हिजनच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. डोंगर आडवा आला, पृथ्वीची गोलाई आडवी आली, की संपले. त्यातून अमेरिकी सरकारने १९४८च्या सप्टेंबरअखेर नव्या केंद्रांना परवाने देणे थांबवले, ते थेट १९५२च्या एप्रिलपर्यंत. देशभर केंद्रे शंभराच्या आसपास, आणि तीही मोठ्या शहरांत. बाकीच्यांनी काय करावे? ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीच्या मुखाशी ॲस्टोरिया नावाचे गाव आहे. तेथे एड पार्सन्स हा माणूस लहानसे रेडिओ केंद्र चालवी. एका परिषदेच्या निमित्ताने शिकागोस गेले असता त्याच्या पत्नीने, ग्रेसने, टेलिव्हिजन पाहिला होता आणि तो आपल्या घरी हवाच, असे तिने ठरवून टाकले होते. सर्वांत जवळचे केंद्र सिअ‍ॅटलचे; तेही सुमारे सव्वाशे मैलांवर, आणि मध्ये डोंगर.

पार्सन्सने हट्ट पुरवायचे मनावर घेतले. मोजमापाचे यंत्र घेऊन तो गावभर, गावाबाहेर हिंडला. लहरी कोठे डोकावतात, कोठे नाहीशा होतात, हे धुंडाळता धुंडाळता त्या सापडल्या त्याच्या घरासमोरच, जॉन जेकब ॲस्टर हॉटेलच्या गच्चीवर. त्याने तेथे अँटेना उभारली, तिच्यापाशी लहरी वाढवणारे यंत्र बसवले आणि रस्त्यापलीकडच्या आपल्या बिऱ्हाडात तार आणली. २५ नोव्हेंबर १९४८ रोजी सिअ‍ॅटलचे केंद्र सुरू झाले, त्याच दिवशी पार्सन्सच्या घरी चित्र उमटले. मग व्हायचे तेच झाले. सारे गाव त्यांच्या दिवाणखान्यात लोटू लागले. आपल्याकडे चाळीतल्या पहिल्या टेलिव्हिजनवाल्या घराचे रविवारी संध्याकाळी जे होई, ते ज्यांनी भोगले आहे त्यांना अधिक सांगायला नको. शेवटी घर मोकळे करून घेण्यासाठी पार्सन्सने तीच तार पुढे वाढवून हॉटेलच्या दर्शनी दालनात आणि एका वाद्यांच्या दुकानात नेली. तारेवरच्या टेलिव्हिजनच्या, म्हणजे ज्याला आपण 'केबल' म्हणतो त्याच्या, पहिल्यावहिल्या प्रयोगांत ॲस्टोरियाची गणना होते. दोन वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या लॅन्सफर्ड या कोळशाच्या खाणींच्या गावी रॉबर्ट टार्ल्टनने हीच गोष्ट व्यापारी पायावर केली. त्याला यंत्रे पुरवणाऱ्या जेरॉल्ड कंपनीचा मालक मिल्टन शॅप पुढे त्या राज्याचा गव्हर्नर झाला.

पार्सन्सने लहरी वाढवण्याचे यंत्र गच्चीवर, अँटेनेपाशी ठेवले. खाली टेलिव्हिजनजवळ ठेवले असते तर? सोपे पडले असते. वीज तेथेच होती. पण चालले नसते, आणि का चालले नसते हे गणिताने दाखवून दिले होते मूळच्या डेन्मार्कच्या हॅराल्ड फ्रीस याने. बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या इंजिनिअरचा 'खरखरी'विषयीचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सूत्र येथे मांडण्याचे कारण नाही. कीर्तनाच्या मांडवात चला म्हणजे पुरे.

बुवांचा आवाज बारीक आहे आणि आपण शेवटच्या रांगेत बसलो आहोत. मध्ये पोरांचा कलकलाट, बायकांची कुजबुज, चहाच्या कपबश्यांची किणकिण. आता आपण कानाला कर्णा लावला, तर काय होईल? बुवा मोठे ऐकू येतील, पण त्यांच्याबरोबर पोरेही तितकीच मोठी ऐकू येतील. आवाज वाढला, आख्यान कळले नाही. तोच ध्वनिवर्धक बुवांच्या तोंडापाशी ठेवला, तर शब्द कलकलाटात मिसळण्यापूर्वीच मोठा होतो आणि मग मांडवभर कितीही गोंधळ असो, तो तरून जातो. अँटेनेचे तसेच आहे. आकाशातून उतरलेली लहर अतिशय क्षीण. छपरापासून टेलिव्हिजनपर्यंतच्या तारेत ती आणखी झिजते, आणि खालच्या यंत्राची स्वतःची खरखर तिच्या बरोबरीची ठरते. म्हणून तिला वाढवायचे, तर झिजण्याच्या आधी, अगदी उगमापाशीच. फ्रीसच्या गणिताचा मथितार्थ हाच, की पहिल्या टप्प्यावर जे बिघडले ते पुढच्या कोणत्याही टप्प्यावर सुधारता येत नाही.

ठीक. यंत्र वर हवे. पण मग त्याची वीजही वर न्यायला हवी. त्यासाठी दुसरी तार ओढायची, म्हणजे छपराला आणखी एक भोक आणि पावसाला आणखी एक वाट. तेव्हा ज्या तारेतून चित्र खाली येते, त्याच तारेतून वीज वर धाडता आली तर?

ही युक्ती टेलिव्हिजनवाल्यांना नव्याने शोधावी लागली नाही. ती आपल्या घरोघरी होती. पूर्वी टेलिफोनच्या प्रत्येक यंत्राशेजारी त्याची त्याची बॅटरी ठेवावी लागे. ती वाळली, की कंपनीचा माणूस येऊन बदली. अठराशे नव्वदच्या दशकात अमेरिकेत ही पद्धत मोडून बॅटरी केंद्रातच ठेवण्यास सुरुवात झाली. ज्या दोन तारांतून बोलणे जाई, त्याच तारांतून यंत्राला वीज मिळू लागली. गावातले दिवे गेले, तरी काळा फोन चालू राही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तो चमत्कार नव्हता. केंद्रातली अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी आपल्या संभाषणाच्याच तारेवरून आपल्या घरी येत होती.

या युक्तीचा परमोत्कर्ष पाहायचा तर समुद्रात उतरले पाहिजे. २५ सप्टेंबर १९५६ रोजी स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी टेलिफोनची पहिली अटलांटिक तार सुरू झाली. जाण्याची एक आणि येण्याची एक, अशा त्या दोन तारा. प्रत्येकीत आवाज वाढवणारी एक्कावन्न यंत्रे. समुद्राच्या तळाशी त्यांना कोण बॅटरी नेऊन देणार? दोन्ही किनाऱ्यांवरून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब देऊन वीज त्याच तारेतून आत ढकलली जाई, आणि त्याच तारेतून माणसांचे बोलणे महासागर ओलांडी. आणखी एक उदाहरण गमतीचे आहे. नॉर्वेच्या रेडिओच्या ध्वनिगृहांत, तिकडचे हिवाळे अंधाराचे म्हणून, आपत्कालीन दिव्यांसाठी अठ्ठेचाळीस व्होल्टची सोय होती. १९६६ साली जर्मनीच्या नॉइमान कंपनीने तीच वीज मायक्रोफोनच्या तारेतून मायक्रोफोनला देऊन दाखवली, आणि तेव्हापासून जगभरच्या ध्वनिगृहांत अठ्ठेचाळीस हाच आकडा पक्का झाला.

एका तारेत दोन पाहुणे राहतात, तर ते एकमेकांच्या पायात येत कसे नाहीत? दोघांच्या चाली निराळ्या म्हणून. बॅटरीची वीज एकाच दिशेने संथ वाहते. चित्राची लहर सेकंदाला कोट्यवधी वेळा हेलकावते. कंडेन्सर हेलकाव्यांना वाट देतो आणि संथ प्रवाहाला अडवतो. तांब्याच्या तारेचे वेटोळे नेमके उलट वागते. तेव्हा तारेच्या दोन्ही टोकांना असे दोन द्वारपाल बसवले, की वीज विजेच्या दाराने आणि चित्र चित्राच्या दाराने निमूट बाहेर पडते.

आता पुन्हा आपल्या फिरत्या घराकडे येऊ. मिसिसिपीच्या काठी, आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावी जॉन विनेगार्ड याने १९५४ साली अँटेनांचा कारखाना काढला आणि १९६०च्या सुमारास वाढवणारे यंत्र पोटातच असलेल्या अँटेना त्याने घरांसाठी विकावयास काढल्या. त्याच राज्याच्या उत्तर भागात, फॉरेस्ट सिटी या गावी, विनेबागो कंपनी १९६६पासून स्वयंचलित फिरती घरे बनवू लागली. मूळच्या एका आदिवासी जमातीचे हे नाव अमेरिकन बोलीत या गाड्यांचे सामान्यनाम होऊन बसले. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एकाच राज्यातली ही दोन गावे. विनेगार्डची वटवाघळाच्या पंखांसारखी अँटेना पुढे अशा हजारो गाड्यांच्या छपरांवर दिसू लागली. आतून हाताने दांडा फिरवला की ती वर उठते, गोल फिरवून केंद्राकडे रोखता येते, आणि भिंतीवरच्या लहानशा पट्टीवरची कळ दाबली की एक दिवा लागून बारा व्होल्ट वर चढतात. खर्च म्हणाल तर अँपियरचा लहानसा अंश. गाडीतल्या बॅटरीला तो जाणवतही नाही. शिवाय शहाणे गाडीवान यंत्र सुरू करण्याची बॅटरी आणि घराची बॅटरी निराळ्या ठेवतात. घराची जाड पत्र्यांची, सावकाश रिकामी होणारी.

ही अँटेना आपल्याला अगदीच परकी नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांची घरे मनोऱ्यापासून दूर होती, त्यांनी छपरावर बांबू आणि बांबूवर 'बूस्टर' चढवला. गच्चीवरून थोरल्याने ओरडावे, 'आता दिसतंय का?' आणि खालून धाकट्याने सांगावे, 'मगाशी बरं होतं!' त्या बूस्टरचा डबा घरात असे, आणि त्यातली वीज त्याच चपट्या नाही तर गोल तारेतून बांबूच्या टोकाला जाई. पुष्कळांना हे ठाऊक नव्हते. डब्याचे बटण बंद करून वर 'मशीन बिघडलं' म्हणणारे महाभाग प्रत्येक आळीत निघत.

फिरत्या घरातही बहुतेक तक्रारींचे मूळ असेच साधे असते. कळ बंद असते. किंवा दोन टेलिव्हिजनना तार वाटून देणारा फाटा मध्ये कोणी बसवतो आणि तो चित्र जाऊ देतो, पण वीज अडवतो. किंवा तारेच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केस आतल्या तांब्याला टेकतो आणि फ्यूज उडतो. आणि गंमत अशी, की वीज न मिळालेले यंत्र नुसते स्वस्थ बसत नाही. ते वाट अडवून बसते. साध्या काड्यांनी जेवढे चित्र दिले असते, तेवढेही मिळत नाही.

एवढा खटाटोप करमणुकीसाठीच का? बहुतांशी होय, आणि त्यात वाईट काही नाही. पण अमेरिकेच्या मध्यभागातल्या सपाट मुलखात वसंतात वावटळी उठतात. आपल्या चैत्रातल्या भोवऱ्यांसारख्या नव्हेत, घरे उचलून नेणाऱ्या. सरकारी हवामान खात्याच्या अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द लोक घाबरतील म्हणून १९५० पर्यंत वापरीतच नसत. १९५२ साली ओक्लाहोमा सिटीच्या डब्ल्यूकेवाय केंद्रावरून हॅरी व्होल्कमन याने तसा इशारा प्रथमच टेलिव्हिजनवर दिला. अशा वादळात चाकांवरच्या घराइतकी धोक्याची जागा दुसरी नाही. त्यातून प्रवासी परका. आपण कोणत्या परगण्यात उभे आहोत आणि इशारा कोणत्या परगण्याला आहे, हे त्याला सांगायला शेजारी नाही. मोबाइल रानात मुका होतो. स्थानिक केंद्रावरचा नकाशा आणि त्यावर सरकणारा लाल डाग त्या रात्री मात्र करमणुकीच्या पलीकडे जातो.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद करून अंकीय प्रक्षेपणावर सारा भार टाकला. पूर्वी लहर क्षीण झाली, की पडद्यावर बर्फ पडे. चित्र पुसट होई, तरी माणूस ओळखू येई. आता तसे नाही. चित्र एक तर लख्ख, नाही तर चौकोनांत फुटून गोठलेले. त्यामुळे अँटेनेपाशी मिळणाऱ्या त्या थोड्याशा वाढीला पूर्वीहून अधिक मोल आले. मात्र मनोऱ्याच्या जवळ उतरलात तर कळ बंदच ठेवावी लागते, नाही तर अतिवाढीने यंत्रच गुदमरते. २०२० पर्यंत छत्तिसाव्या वाहिनीवरचा बहुतेक प्रदेश मोबाइल कंपन्यांकडे गेला, तेव्हापासून त्यांचा गलबला गाळणाऱ्या चाळण्याही अँटेनेत आल्या.

आणि गाडी झाडाखाली उभी असली तर? पाने लहरी खातात, आणि उन्हाळ्यात सावली कोणाला सोडवत नाही. तेव्हा लोक लहानशी अँटेना तिवईवर लावून, लांब तार सोडून, मोकळ्यावर नेऊन ठेवतात. तिला वीज त्याच तारेतून जाते. कधी गाडीतले बारा व्होल्ट, कधी टेलिव्हिजनच्याच पाठीमागच्या खाचेतले पाच. संच आता अंगानेही मिताहारी झाले आहेत, आणि छपरावरच्या सौर पट्ट्या दिवसभर बॅटरी भरीत असतात.

छपरावरच्या अँटेनेचे मात्र एक दुखणे अजून तसेच आहे. सकाळी चहा होतो, मुले गाडीत बसतात, गाडी निघते आणि पहिल्याच झाडाच्या फांदीला वर राहिलेली अँटेना मोडून पडते. म्हणून अनुभवी मंडळी अँटेना वर चढवताना कपडे वाळत घालायचा चिमटा गाडीच्या चक्राला लावून ठेवतात, आणि ती खाली आल्याशिवाय तो काढीत नाहीत.